मुडद्याला नाव पाहिजे
(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला बोलायला सांगितलंय ते खुनाबद्दल. जुन्या, गार पडलेल्या खुनाबद्दल. ज्याची फाईल पोलिसांनी सुतळी बांधून माळ्यावर फेकली, आणि जो आता घरी बसलेली, पोलिसाचा पगार न खाणारी माणसं इंटरनेटवर उकरत बसतात. तुम्ही म्हणाल, हा काय आपला विषय? अमेरिकेतल्या रिकामटेकड्यांचा हा धंदा. मीही तेच म्हणालो असतो. पण या नादात मी सहा वर्षं रात्री जाळल्यात. आणि एका माणसाची माफी मागायची राहिलीय, तीही इथंच मागणार आहे.

नोकरी रातपाळीची. मालाडला काचेच्या इमारतीत बसायचं आणि अमेरिकेतल्या माणसांना त्यांच्या थकलेल्या हप्त्यांची आठवण करून द्यायची. नाव बदलून. आईनं ठेवलेलं नाव बाहेर चपलांसारखं काढून आत जायचं. आत मी केविन. दोन फोनांच्या मधल्या वेळात काय करणार? वाचायचो. वाचता वाचता केंटकीच्या तंबूवालीपाशी पोचलो.

ती गोष्ट अशी. 17 मे 1968. केंटकी राज्यात जॉर्जटाउन नावाचं गाव आहे. तिथं विहिरी पाडणारा विल्बर रिडल नावाचा माणूस रस्त्याकडेला खांबांवरचे काचेचे इन्सुलेटर गोळा करत फिरत होता. त्याला हिरव्या कॅनव्हासात गुंडाळलेलं एक गाठोडं दिसलं. आत बाई. कुजलेली. ओळख नाही, दावा नाही. पोलिसांनी अंदाज केला, वय सोळा ते एकोणीस. पेपरवाल्यांनी नाव दिलं ‘टेन्ट गर्ल’, तंबूतली पोरगी. पुढं 1971 मध्ये तिच्या थडग्यावर दगड बसवला, त्यावर पोलिसांनी काढलेलं चित्र कोरलं. नाव नव्हतं, म्हणून चित्र.

या रिडलच्या पोरीशी टेनेसीतल्या टॉड मॅथ्यूज नावाच्या पोरानं लग्न केलं. हा कारखान्यात राबणारा. डिग्री नाही, खात्यात ओळख नाही. सासऱ्याच्या तोंडून त्यानं ही गोष्ट ऐकली आणि ती त्याच्या डोक्यात घुसली ती घुसलीच. दहा वर्षं जुने पेपर चाळले, फोन केले, त्या दगडापाशी जाऊन उभा राहिला. बायको वैतागली. मग घरात कॉम्प्युटर आला. जानेवारी 1998 मध्ये एका रात्री त्याला एका बहिणीचा मजकूर दिसला. तिची बहीण 1967 च्या अखेरीस नाहीशी झाली होती, शेवटची दिसली लेक्सिंग्टनला. लेक्सिंग्टन ते जॉर्जटाउन म्हणजे आपलं दादर ते ठाणे. प्रेत उकरलं, डीएनए तपासला, जुळला. ती सोळाची नव्हती, चोवीसची होती. लेकुरवाळी होती. बार्बरा ॲन हॅकमन टेलर. तीस वर्षांनी तिच्या थडग्यावर नाव चढलं.

आणि खुनी? नवऱ्यावर संशय होता. बायको दुसऱ्याबरोबर पळून गेली, असं त्यानं घरच्यांना सांगितलं होतं. (हे वाक्य जगातल्या सगळ्या भाषांत तयार असतं, नाही?) पण तो 1987 मध्येच मेलेला. खटला नाही, शिक्षा नाही. कोर्टाच्या हिशेबानं पाहिलं तर काहीच झालं नाही. मला मात्र त्या रात्री घशाशी आलं. मी हेडफोन काढून संडासात जाऊन उभा राहिलो.

कारण माझा मामा. माझा मामा बावीस वर्षं एका सरकारी इस्पितळाच्या मुडदाघरात कामाला होता. ते काम कोणाच्या वाट्याला येतं ते इथं सांगायला नको. तिथल्या साहेबाचं आडनाव आणि तिथल्या हमालाचं आडनाव कधी एक झालेलं मी ऐकलं नाही. मी मामाला केंटकीची गोष्ट सांगितली. तो तंबाखू मळत ऐकत होता. म्हणाला, ‘‘भाच्या, एका बाईसाठी तीस वर्षं? आमच्याकडं पायाला चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नंबर. वाट बघायची. कोणी आलं नाही तर नंबरासकट लावून टाकायचं.’’

बेवारस. हा शब्द आपण सहज वापरतो. मढं बेवारस नसतं रे. कुठंतरी वारस असतो, त्याला पत्ता नसतो, नाहीतर रेल्वेचं भाडं नसतं, नाहीतर पोलीस स्टेशनच्या पायरीवरून त्याला हाकललेलं असतं.

मॅथ्यूजसारखी माणसं पुढं एकत्र आली. 1999 मध्ये डो नेटवर्क निघालं. तिकडं अनोळखी प्रेताला ‘जॉन डो’, ‘जेन डो’ म्हणतात, त्यावरून. काम साधं. एका हाताला हरवलेल्यांची यादी, दुसऱ्या हाताला अनोळखी मढ्यांची. दोन्ही शेजारी ठेवून बघत बसायचं. दात, जुनं हाड मोडलेलं, गोंदण, अंगठी. 2007 मध्ये तिथल्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेनं मांडलं की देशात अशी चाळीस हजारांपर्यंत अनोळखी मढी असतील. त्याच सुमारास सरकारनं स्वतःची यादी उघडली, नॅमअस नावाची, आणि मॅथ्यूज तिथं कामाला लागला. कारखान्यातला पोरगा. सरकारला त्याच्याकडून शिकावं लागलं.

आता कॅलिफोर्निया. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हीच गोष्ट माहीत असते, कारण हिच्यावर पुस्तक झालं, मालिका झाली. 1974 ते 1986 एक माणूस घरात शिरायचा. किमान तेरा खून, पन्नासच्या आसपास बलात्कार. मिशेल मॅकनामारा नावाची लेखिका लेकरू झोपल्यावर रात्री कॉम्प्युटरसमोर बसून त्याला शोधायची. ‘गोल्डन स्टेट किलर’ हे नाव तिनंच 2013 मध्ये दिलं. 2016 मध्ये ती वारली. 2018 च्या फेब्रुवारीत तिचं पुस्तक आलं आणि 24 एप्रिलला जोसेफ डिॲँजेलो पकडला गेला. वय 72. आणि होता कोण? माजी पोलीस! गुन्हे करत होता त्यातली काही वर्षं वर्दीत होता. 1979 मध्ये दुकानातून हातोडा आणि कुत्रे पळवायचा फवारा चोरला म्हणून त्याला काढलं होतं.

पण तो सापडला कसा ते नीट ऐका, कारण इथं लोक घोटाळा करतात. इंटरनेटवर बसलेल्या हजारो हौशांनी शेकडो नावं काढली होती, त्यात हा नव्हता. पोलिसांच्या यादीतही शेवटच्या काही दिवसांपर्यंत नव्हता. सापडला तो जपून ठेवलेल्या एका जुन्या नमुन्यामुळं आणि जीईडीमॅच नावाच्या यादीमुळं. ती यादी आपले पूर्वज हुडकणाऱ्या साध्या हौशी माणसांची. त्यांनी आपलं डीएनए तिथं आपणहून टाकलेलं. पोलिसांना त्यात खुन्याचे लांबचे चुलत भाऊबंद भेटले, तिथून खापरपणज्यापर्यंत वर जायचं आणि मग फांदी फांदी खाली उतरायचं. ते काम केलं बार्बरा रे-व्हेंटर या निवृत्त वकीलबाईनं, पोलिसांच्या जोडीनं. शेवटी त्याच्या गाडीच्या दाराच्या मुठीवरून आणि कचऱ्यातल्या कागदी रुमालावरून खात्री केली. 2020 मध्ये त्यानं गुन्हे कबूल केले, जन्मठेप झाली.

वाहवा झाली. मीही टाळ्या वाजवल्या. मग 2018 चा ‘सायन्स’ मासिकातला अभ्यास वाचला: युरोपी वंशाच्या अमेरिकनाचा नमुना अशा यादीत टाकला तर साठ टक्के वेळा लांबचा चुलत नातेवाईक तरी लागतो. युरोपी वंशाच्या! कारण यादीत तेच बसलेत. ज्याच्या पणजोबाला लिलावात विकला, त्याची वंशावळ कोण मांडणार?

तिथंच दुसरं नाव येतं, सॅम्युअल लिटल. या माणसानं 1970 ते 2005 मध्ये 93 खून केल्याचं 2018 पासून सांगायला सुरुवात केली. बहुतेक गरीब, काळ्या बाया. धंदा करणाऱ्या, नशेच्या आहारी गेलेल्या, एकट्या. कित्येकींचं मरण तर खून म्हणून नोंदलंच नव्हतं. नशा जास्त झाली, अपघात झाला, कारण कळलं नाही, बस्स, मिटवली फाईल. यांच्यामागं कोणी विचारायला येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि बरोबर होतं त्याचं, पस्तीस वर्षं बरोबर होतं! त्यालाच रंग दिले. त्यानं मारलेल्या बायांचे चेहरे आठवून काढले आणि एफबीआयनं ती चित्रं लोकांसाठी इंटरनेटवर टाकली, कोणी ओळखतं का बघा म्हणून. मी ती चित्रं रात्री दोन वाजता बघितली. खुन्याच्या हातानं काढलेला चेहरा, तोच त्या बाईचा शेवटचा फोटो. 2020 च्या डिसेंबरात तो मेला, आणि सगळ्या बायांना नावं मिळालेली नव्हती.

म्हणून हौशी शोधकांना माझा पहिला सवाल हाच असतो की तू कुठलं मढं निवडलंस? सुंदर, गोरी, कॉलेजातली असली की दहा हजार डोळे. बाकीच्या नंबरासकट लावलेल्या.

आता माझं पाप. एका जुन्या खुनात मी आणि परदेशातले दोघं, ज्यांची तोंडं मी कधी बघितली नाहीत, अशा तिघांनी मिळून खुनी शोधला. शोधला म्हणजे काय, ठरवला. त्या गावात राहायचा, गाडी तसलीच होती, चेहरा चित्रासारखा. मीच जुन्या टेलिफोन पुस्तकातून त्याचा पत्ता काढला. काय मस्ती चढली होती! आमच्यातल्या एकानं नाव जाहीर टाकलं, मी अडवलं नाही. उलट ‘शाब्बास’ लिहिलं. तीन आठवड्यांनी त्याच्या मुलीनं लिहिलं: खून झाला तेव्हा माझे वडील दुसऱ्या राज्यात इस्पितळात पडून होते, हे कागद, आता ते दार उघडत नाहीत, रात्री दिवा लावत नाहीत. तिला आमच्यापैकी कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. केविनला माफी मागायची नसते, केविन खोटाच असतो. आज माझ्या खऱ्या तोंडानं मागतो.

बॉस्टनचं माहीत असेल. 2013 च्या एप्रिलात स्फोट झाले, आणि इंटरनेटवरच्या शहाण्यांनी ब्राउन विद्यापीठातल्या एका बेपत्ता, भारतीय घरातल्या पोराला बॉम्बवाला ठरवलं. घरचे त्याला शोधत होते, त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस. पोरगा तर आधीच मेलेला होता. 23 एप्रिलला नदीत सापडला. सावळा चेहरा, वेगळं नाव, एवढा पुरावा पुरला.

आणि आपण, मित्रांनो, आपल्याला हे शिकवावं लागावं? 1871 च्या कायद्यानं जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 ला गेला, तरी गावात चोरी झाली की गाडी अजून पारध्याच्या पालावर पहिली जाते. ‘संशयित’ या शब्दाचा मार आपल्या बापांनी पाठीवर खाल्लाय. आणि मी, त्यांचा पोरगा, काचेच्या इमारतीत बसून तोच दंडुका फिरवला.

मग सोडून द्यायचं? नाही. न्यू जर्सीत हाइट्सटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या शाळकरी पोरांनी वर्गात बसून काळ्यांच्या जुन्या खुनांची कागदपत्रं मागितली. कागद आले, ते काळी शाई फासलेले. पोरांनी खुनी शोधायचं सोडलं आणि कायदाच लिहिला: नागरी हक्कांच्या काळातल्या न सुटलेल्या खुनांचे कागद लोकांना खुले करा. खासदारांच्या दारात जाऊन बसली. एक पिढी पास होऊन गेली, दुसरीनं धरलं. जानेवारी 2019 मध्ये त्यावर सही झाली. शाळकरी पोरं!

आपल्याकडं पोलीस खरा पण न सुटलेला गुन्हा ‘ए समरी’ करून बंद करतात. किती बंद केले, कुठल्या वस्तीतले, मढ्याची ओळख पटली होती का, एवढं विचारायला 2005 चा माहितीचा कायदा आहे. तपासात अडथळा येतो म्हणून नाकारतील. अपील करू. कोणाचंही नाव संशयित म्हणून तोंडातून काढायचं नाही, ही माझी एकच अट आहे. ज्याला खुनी पकडायची खाज आहे त्यानं येऊ नये.

मामा रिटायर झाला तेव्हा त्यानं एक वही आणली. कोणी सांगितलेलं नव्हतं. चौथी शिकलेला माणूस, वेड्यावाकड्या अक्षरात बावीस वर्षं लिहीत होता. तारीख, चिठ्ठीचा नंबर, कुठल्या पोलीस ठाण्याकडून आलं, अंगावर काय. ‘बाई. तिशीची. हातावर तुळस. एका पायात जोडवं.’ ‘पोरगा. दहा-बारा. खिशात गोट्या.’ ‘पुरुष. पंचविशीचा. मनगटावर जयभीम गोंदलेलं. कोणी आलं नाही.’ मी विचारलं, मामा, कशाला लिहिलंस? तो म्हणाला, ‘‘कोणी आलंच तर काय सांगू?’’

रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयात ही वही उघडणार आहोत. मामा येणार आहे, त्याचं अक्षर त्यालाच लागतं. कोरे कागद आणा, आणि अर्जाला लावायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प प्रत्येकानं आपला आपला आणा.