वाडीतील खोल्यांची वीज



३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात माझी पोफळीची वाडी आडवी झाली. पुढे त्या जागी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि घरातून वायर ओढून तेथे दुसरी पेटी बसविली. तिला वीज पुरविणारा १६ अँपिअरचा ब्रेकर वारंवार पडे. कारागिराने त्या जागी ३२ चा घातला. वायर मात्र अडीच चौरस मिलिमीटरचीच राहिली. ब्रेकर पडेनासा झाला, आम्ही समाधान मानले. आठवड्याने रात्री भिंतीतून जळका वास आला. खोलीत माझी नात निजली होती.

ब्रेकर राखतो तो वायरीला. गीझर, एसी, दिवे मिळून ५,००० वॅट. २३० व्होल्टनी भागता सुमारे २२ अँपिअर. भागाकार शिकविण्यात माझी हयात गेली, पण घरचा एवढा भागाकार मी केला नव्हता! आता ब्रेकर २५ चा आणि तांब्याची वायर सहा चौरस मिलिमीटरची आहे. चाळीस मीटर अंतरात तिच्यात साडेपाच व्होल्ट खर्ची पडतात. चारच्या वायरीत आठ पडले असते. अर्थिंगची तार आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने जोड हिरवे पडतात. ते पावसाळ्यापूर्वी, वीज तोडून, जाणत्याकडून तपासून घ्यावेत.