फटफटीचे इंजिन आणि ओझ्याचा हिशेब



वसंतातील या व्याख्यानसत्रात कामगार संघटनेच्या माणसाने फटफटीच्या इंजिनावर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. आमची शाळा कारखान्याच्या फाटकाशीच भरली. यंत्राचे ज्ञान आम्हांला मिळाले ते फिटर-टर्नर मंडळींच्या तोंडून आणि सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांतून. परंतु कोणावर किती भार घालावा, हा प्रश्न आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे, आणि आजचा विषयही मुळात तोच आहे. सुटे भाग जमवून हलकी मोटार स्वतःच्या हाताने जुळवावयाची आणि तिला फटफटीचे इंजिन बसवावयाचे, तर ते निवडावे कसे? आमचे म्हणणे असे की, अश्वशक्तीच्या आकड्याला भुलू नये. इंजिनाला कोणते ओझे, कोणत्या स्थितीत ओढावयाचे आहे, ते आधी पाहावे.

प्रथम एक जुना दाखला घेऊ. १९४६ साली महायुद्ध नुकतेच संपले होते आणि इंग्लंडात पैशाची व सामानाची टंचाई होती. लंडनजवळ सर्बिटन येथे चार्ल्स कूपर व त्यांचा मुलगा जॉन यांचे गॅरेज होते. त्यांनी फियाट टोपोलिनो या चिमुकल्या मोटारीचे दोन पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि त्यावर जे.ए.पी.चे ५०० सी.सी.चे फटफटीचे इंजिन चढविले. हे इंजिन चेनने चाक फिरविणारे. चेन आखूड असलेली बरी, म्हणून ते चालकाच्या पाठीमागे गेले. सोयीसाठी केलेल्या या मांडणीने पुढे शर्यतीच्या मोटारींचे रूपच पालटले. १९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबहॅम जगज्जेता झाला, तो मागे इंजिन असलेल्या कूपर मोटारीतूनच.

पुढे शर्यतवाल्यांना नॉर्टन मँक्सचे अधिक जोरकस इंजिन हवेसे झाले. पण नॉर्टन कंपनी सुटे इंजिन विकीना. तेव्हा ही मंडळी अख्खी फटफटी विकत घेत, इंजिन काढून ठेवीत आणि उरलेला सांगाडा विकून टाकीत. त्या सांगाड्यांत ट्रायम्फचे इंजिन बसवून लोकांनी ‘ट्रायटन’ नावाच्या फटफट्या तयार केल्या.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. जपानी चार सिलिंडरी इंजिने निघाल्यापासून विलायतेत लोटस सेव्हनच्या धर्तीच्या हलक्या मोटारींना ती बसविण्याची हौस वाढली. इंजिन आणि गिअर एकाच पेटीत, वजन थोडे आणि शक्ती भरपूर, मग मोह का पडू नये? पण घेणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न वजनाचा. फटफटी दोनशे किलोंची आणि स्वार पाऊणशे किलोंचा धरला, तर क्लच आणि गिअर यांची आखणी पावणेतीनशे किलोंसाठी झालेली असते. हलकी मोटार साडेचारशे किलोंची धरली, तरी चालकासह भार सव्वापाचशेवर जातो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हजार सी.सी.चे इंजिन दीडशे अश्वशक्ती देते खरे, पण दहा हजार फेऱ्यांच्या आसपास. खालच्या फेऱ्यांवर त्याचा पीळ तुटपुंजा असतो. शर्यतीचा घोडा मोटेला जुंपला तर विहिरीचे पाणी वर येईल काय? म्हणून अश्वशक्ती सारखी असेल, तर कमी फेऱ्यांवर अधिक पीळ देणारे इंजिन घ्यावे. १९९९ साली निघालेले सुझुकी हायाबुसाचे १२९९ सी.सी.चे इंजिन या कामी लोकप्रिय झाले, ते यामुळेच. शिवाय क्लचच्या स्प्रिंगा कडक घालाव्या लागतात आणि शेवटच्या गिअरचे प्रमाण बदलावे लागते.

दुसरा प्रश्न तेलाचा. वळणावर फटफटी कलते, म्हणून तेल तळाशीच राहते. मोटार कलत नाही. तेल एका भिंतीवर चढते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग काही क्षणांत जळते. त्यासाठी तेलाच्या तळपेटीत पत्र्याचे आडपडदे घालावे लागतात किंवा तेलाची टाकी वेगळी ठेवावी लागते.

तिसरा प्रश्न मागे जाण्याचा. फटफटी पायाने मागे ढकलता येते, मोटार नाही. उलट्या गिअरची वेगळी पेटी किंवा विजेची मोटर बसविणे आले; त्याचे वजन आणि खर्च आधीच हिशेबात धरावा.

चौथा प्रश्न खरेदीचा. नुसते इंजिन स्वस्त मिळाले तरी वायरिंग, किल्लीचे कुलूप आणि इंजिनाचा विद्युत-मेंदू वेगवेगळा जमविता जमविता नाकी नऊ येतात. शक्य तर अपघातात मोडलेली एकच अख्खी फटफटी, रीतसर कागदपत्रांसह घ्यावी. नॉर्टनवाल्यांना जे नाइलाजाने करावे लागले, ते आज शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडचे उदाहरणही ऐका. फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी लहान शर्यती मोटारी बांधतात. तेथे इंजिन ७१० सी.सी.पर्यंत चालते, पण पेट्रोल इंजिनाची सारी हवा २० मिलिमीटरच्या छिद्रातून जावी, असा नियम आहे. नरडेच आवळल्यावर मोठ्या इंजिनाचा थाट काय कामाचा? म्हणून अनेक संघ चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चे एका सिलिंडरचे इंजिन घेतात. ते हलके, त्याचे भाग जवळ मिळतात आणि ते उघडून जोडणारे हातही जवळच असतात. बिघडलेले इंजिन कोण दुरुस्त करणार, हेही निवडीच्या वेळीच ठरवावे लागते.

कारखान्यात आम्ही हेच पाहत आलो आहोत. एखाद्या पाळीत विक्रमी माल निघतो, तो आकडा कागदावर चढतो आणि उद्यापासून तोच रोजचा नेम ठरतो. कामगाराला निदान तोंड आहे. तो तक्रार करतो, वेळ आली तर संप करतो. इंजिनाला तोंड नाही. सोसवेल तोवर ते ओढते, आणि भर वळणावर जाम झाले तर जीव चालकाचा जातो. यासाठी गाडी बांधू पाहणाऱ्या तरुणांना आमची विनंती आहे की, बाजारात जाण्यापूर्वी कागदावर गाडीचे व चालकाचे वजन, वळणे, तेल आणि दुरुस्तीची सोय मांडावी, आणि अश्वशक्तीचा आकडा सर्वांत शेवटी लिहावा. आणि अशी गाडी नोंदणीवाचून रस्त्यावर न आणता बंदिस्त मार्गावरच चालवावी.