अतिवृष्टीतील वृक्षजीवन

उमरग्याच्या माळावरील बाभळीस एकच विवंचना असते: पाणी पुरवावे कसे? म्हणून तिची पर्णिका इवलीशी आणि मुळे खोल. येथे वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीस तो सुमारे ७००० मिलिमीटर कोसळतो. तेथील वृक्ष सुखात असतील, असे माळावरील मनुष्यास वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे.

पान सतत ओले राहिले की त्यावर बुरशी व शेवाळ माजते आणि प्रकाश अडतो. म्हणून तेथील पुष्कळ वृक्षांची पाने गुळगुळीत असून त्यांचे अग्र लांब, निमुळते असते. त्यावरून पाणी पन्हळीवरून ओघळावे तसे गळून जाते. खाली अंधार दाट. तेव्हा सीतेची वेणी जमीन सोडून उंच फांदीवरच बिऱ्हाड करते आणि लोंबत्या मुळांच्या स्पंजासारख्या आवरणाने पाणी टिपते.

मातीतील क्षार पाऊस धुऊन नेतो. उरते ती पालापाचोळ्याची संपत्ती. तिच्यासाठी मुळे वरच्या थरातच पसरतात. उंच खोड सावरण्यास कित्येक वृक्षांच्या बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळे फुटतात. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे तर रानजायफळाची झाडे दलदलीत उभी आहेत. चिखलात हवा नसल्यामुळे त्यांची मुळे पाण्याबाहेर डोके काढून श्वास घेतात. ग्रामस्थांनी राखलेल्या या राईस २०२१ साली जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला.

मात्र या सामर्थ्यातच एक दुबळेपणा दडलेला आहे. बाभळीचे बी कठीण कवचाचे. शेळीच्या पोटातून जाऊनही ते जिवंत राहते आणि पावसाची वाट पाहत वर्षानुवर्षे पडून राहू शकते. रानजायफळाच्या बियांस ही सवड नाही. जांभळाची बी किंवा फणसाची आठळी सुकली की मरते, हे शेतकरी जाणतोच. सदाहरित वनातील पुष्कळ बियांचे तसेच आहे. सावली व ओल आहे, तोवरच त्या रुजतात.

सारांश, माळावरील बाभूळ तोडली तरी तिचे बी मातीत मागे उरते. सदाहरित रान एकदा उघडे पडले, की ऊन बियांस सुकवते, पाऊस माती नेतो, आणि मग ७००० मिलिमीटर पाऊसही ते रान परत आणू शकत नाही.