‘अन’, ‘इन’ आणि आपला ‘अ’



विषय व्याकरणाचा असला, तरी कोणी धास्तावू नये. आम्ही काही भाषापंडित नाही; बी. ए. होऊन तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली वाचीत आलेले गृहस्थ आहोत. शब्दाच्या आरंभी बसलेले एखादे नकारार्थी अक्षर संसारात केवढी खळबळ माजविते, हे या फायलींनीच आम्हांस दाखविले.

आमच्या एका सहकाऱ्यास पक्षाघात झाला आणि मुदतीपूर्वी सेवा सोडावी लागली. घरी पत्र आले, त्यात ‘इनव्हॅलिड पेन्शन’ असे शब्द होते. नववीतल्या मुलाने शाळेत शिकविल्याप्रमाणे अर्थ लावला : ‘व्हॅलिड’ म्हणजे ग्राह्य, ‘इन’ म्हणजे नाही, अर्थात पेन्शन रद्द! दोन दिवस त्या घरी चूल पेटली नाही. वस्तुतः मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बलहीन’. बल गेलेला दस्तऐवज ‘इनव्हॅलिड’, तसाच बल गेलेला मनुष्यही. उच्चारात आघाताचा फरक, कागदावर अक्षरे तीच. प्रकृतीमुळे सेवेस असमर्थ ठरलेल्यास मिळणारे ते निवृत्तिवेतन. महाराष्ट्रात त्याला ‘रुग्णता निवृत्तिवेतन’ म्हणतात. हा शब्द वाचून कोणाच्या पोटात गोळा उठला नसता.

मुलाला दोष कसा द्यावा? उपसर्ग लागला की अर्थ उलटा, एवढाच नियम त्याला ठाऊक. आपल्या वैयाकरणांनी मात्र नकारार्थी ‘अ’चे, ज्याला ते ‘नञ्’ म्हणतात, सहा अर्थ सांगितले आहेत. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा केवळ अभाव नव्हे, तर विरोध. ‘अकाल’ म्हणजे काळ नसणे नव्हे, तर नको तो काळ. आणि ‘अनुदरा’ कन्या ही पोटावाचून जन्मलेली नसते; तिचे पोट बारीक असते, इतकेच! सहाही अर्थ सांगत बसलो तर बाहेरचा चहा थंड होईल.

इंग्रजीने हे काम निरनिराळ्या उपसर्गांत वाटून दिले आहे. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा, म्हणजे त्या वादात त्याचा हितसंबंध नसावा. तो ‘अनइंटरेस्टेड’ असला तर सुनावणीत डुलक्या घेईल. १ जून २०२० पासून ‘अनलॉक’ सुरू झाले, तेव्हा कुलूप नव्हते असे नाही. लावलेले उघडावयाचे होते. क्रियापदाला लागलेला ‘अन’ कृती उलटवितो. ‘नॉन-ऑफिशियल’ सदस्य म्हणजे सरकारी नोकर नसलेला. पण आमच्या सचिवालयातील ‘अनऑफिशियल नोट’, म्हणजे ‘यू. ओ. नोट’, ही क्रमांक, दिनांक आणि सही यांनी नटलेली अस्सल सरकारी वस्तू असते. हा विनोद आमच्यासारख्या फायलीत जन्म घालविलेल्यांनाच कळावा.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास सांगितले. इंग्रजीचा ‘अन’, लॅटिनचा ‘इन’ आणि आपला ‘अ’ हे खरोखरच चुलतभाऊ ठरले आहेत. पुढे स्वर आला की आपण ‘अ’चा ‘अन्’ करतो, जसे ‘अनंत’. ग्रीकांची रीतही तीच, त्यांच्याकडून ‘अनार्की’ आला. म्हणून आमचे पालकांस सांगणे असे, की ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल असे मुलाने म्हटले, तर शब्दकोश शोधण्याआधी त्याला ‘अमूल्य’ हा शब्द सांगावा. ज्याचे मोल करता येत नाही ते. दोन्हींची घडण एकच. परप्रांतात वाढणाऱ्या आमच्या मुलांना इंग्रजीच्या कुलपाची ही किल्ली घरातच मिळते, पण घरी ‘अमूल्य’ उच्चारला गेला तरच.

एका ठिकाणी मात्र ही किल्ली चालत नाही. पेट्रोलच्या टँकरवर ‘इनफ्लेमेबल’ लिहिलेले असते. तेथला ‘इन’ नकाराचा नव्हेच. अर्थ ‘चटकन पेट घेणारे’. कोणी उलट समजून काडी ओढू नये, म्हणून विसाव्या शतकात ‘फ्लेमेबल’ हे रूप मुद्दाम प्रचारात आणले गेले. आज दोन्हींचा अर्थ एकच. हसू नका, आपल्याकडेही असेच घडले आहे. ऋग्वेदात वरुणासारख्या देवांना ‘असुर’ हे आदराचे विशेषण आहे. पुढे अर्थ पालटला, पहिला ‘अ’ नकाराचा वाटू लागला आणि तो काढून देवांसाठी ‘सुर’ हा शब्द घडविला गेला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

पुढील रविवारी मंडळाच्या बालवर्गात आम्ही हे शब्द फळ्यावर मांडणार आहोत. मुलांनी येताना घरातील डबे-बाटल्यांवरचे असे शब्द टिपून आणावेत. पालक आले तरी जागा आहे.