जवळून काढलेला फोटो

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात पडद्यावर छायाचित्रे दाखवीत केलेले भाषण)



जेवणानंतरचं सत्र मला दिलंय, यात संयोजकांचा काहीतरी डाव असणार. दहावी ‘ब’च्या मागच्या बाकावर जे झोपायचे, ते आजही मागच्याच रांगेत दिसतायत. झोपा, हरकत नाही. फोटोंसाठी दिवे घालवणारच आहोत.

हा पहिला फोटो तुम्ही आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाहिलाय. केनियातलं मसाई मारा, ऑगस्ट महिना. चित्त्याची मादी थेट कॅमेऱ्यात बघतेय. डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या काळ्या रेघा बघा, मिशा तर मोजून घ्या. “किती जवळ गेलास रे!” असं बहुतेकांनी लिहिलं होतं. त्या ‘जवळ’बद्दलच आज बोलायचंय.

आपल्या कोल्हापूरला चित्ता परका नाही. संस्थानी काळात आफ्रिकेतून आणलेले चित्ते इथे पाळलेले होते, त्यांना शिकारीसाठी तयार करणारे चित्तेवान होते. डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीत बसवलेला चित्ता लहानपणी पाहिल्याचं माझे आजोबा रंगवून सांगायचे. भारतातला मूळचा चित्ता तर १९५२ साली नामशेष म्हणून जाहीर झाला. त्यामुळे माराला निघालो तेव्हा सिंह, हत्ती दिसले तर दिसले, चित्ता मात्र हवाच, असं डोक्यात पक्कं होतं.

कॅमेरावाल्यांसाठी थोडक्यात सांगतो. १००-४०० ची लेन्स, शटर १/२०००. गाडीत स्टँड उभा राहत नाही, म्हणून उघड्या छताच्या कडेवर धान्य भरलेली पिशवी ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. इंजिन बंद, नाहीतर गाडीची थरथर फोटोत उतरते. बाकी सगळं गाडी चालवणाऱ्या गाईडच्या हातात. जनावर कुठे वळेल आणि ऊन कुठून येईल, हे त्याला आपल्या आधी कळतं.

तर, ही मादी तीन पिल्लांना मागे ठेवून गवतात दबून बसली होती. समोर थॉमसन गॅझेल चरत होतं, आपल्या चिंकाऱ्याचाच भाऊबंद. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, असा तिथला नियम. मी मोजल्या, चौदा होत्या. आमचा गाईड लांबच थांबला होता. “पोले पोले,” म्हणाला. स्वाहिलीत म्हणजे हळूहळू, दमानं. मी मात्र त्याच्या मागे लागलो, थोडं पुढे घे, अजून थोडं. फोटो चांगले मिळाले तर खूश करीन, असं आदल्या रात्री त्याला सांगूनही ठेवलं होतं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडी पुढे घेतली.

हरणानं मान वर केली आणि ते पळालं. मादी उठून उभी राहिली, वळली आणि आमच्याकडे बघितलं. तेवढ्यात मी बटण दाबलं. तुम्ही ज्याला वाहवा दिलीत, तो हा क्षण.

संध्याकाळी गाईड जे बोलला, ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं असं नाही, पण तेव्हा ते अंगाला लागलं. सिंह आणि तरस टाळण्यासाठी चित्ता बहुतेक वेळा दिवसाच शिकार करतो. म्हणजे त्याची जेवायची वेळ आणि आपली फोटोची वेळ एकच. त्याची धाव काही शे मीटरची. ती फुकट गेली किंवा सुरूच झाली नाही, तर पिल्लं उपाशी. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झालाय. पर्यटक कमी तिथे एका वेताची सरासरी २.३ पिल्लं वाढून स्वतंत्र झाली. पर्यटकांची गर्दी जिथे, तिथे ०.२. तो आकडा मी परत परत वाचला. छपाईची चूक नाही.

दुसऱ्या दिवशी गाईडला म्हटलं, तुला वाटेल तिथे थांब. साडेतीन तास थांबलो. पाठ मोडली, डबा संपला, सौभाग्यवतींनी मौन धरलं. हा त्या दिवशीचा फोटो. उजव्या कोपऱ्यात बघा. हो, तो ठिपका. तीच मादी आहे. अंगावरच्या ठिपक्यांवरून गाईडनं ओळखली. पिल्लं शिकारीवर तुटून पडलीयत आणि ती मान वर काढून तरस येतंय का बघतेय. आमच्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

स्मरणिकेच्या संपादकांनी पहिला फोटो मागितला होता. मी हा दिलाय. छापल्यावर काही दिसणार नाही, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

मागच्या रांगेतल्यांना दिसत नसेल तर पुढे या. इथे चालतं.