निकाल आणि लेकरू



४ जून २०२४. लोकसभेचे निकाल टीव्हीवर चालू होते. आकडे बघून मी सहज बोलून गेलो, "आता आपलं काही खरं नाही!" रात्री पाहतो तो धाकटी दप्तरात बाहुली अन् कपडे भरत होती. म्हणाली, "बाबा, आता झाशी सोडावी लागणार ना?" रेल्वेवाल्याच्या लेकीला बदली ठाऊक!

१८५४ साली झाशी खालसा झाली, तेव्हा छोट्या दामोदररावांवर असे संकट खरेच आले होते. आपली सरकारे मतांनी येतात, मतांनीच जातात. घर, शाळा जागच्या जागी राहतात. हे तिला समजावले, तेव्हा दप्तर रिकामे झाले.

चर्चा जरूर करावी. पण शेवटी मुलांना धीराचा शब्द द्यावा.

गणपती बाप्पा मोरया!