राजीनामा राजीखुशीचा

नोकरी कशी मिळवावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मिळालेली नोकरी सोडावी कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यातून नोकरी दोन-तीन महिन्यांचीच असेल, तर माणूस कोंडीत सापडतो. "काल आलास आणि आज चाललास?" असं कुणी म्हणेल या भयानं तो एक तर मन मारून राहतो, नाही तर न सांगता निघून जातो. मी यांतली दुसरी गोष्ट केली होती, म्हणून आज या विषयावर बोलतो आहे.

2004 सालच्या जूनमध्ये मी एका खेड्यातल्या खाजगी शाळेत इंग्रजी शिकवायला रुजू झालो. नेमणूक कायम नव्हती. ऑगस्टमध्ये माझ्या गावाजवळच्या कॉलेजातून बोलावणं आलं. घरी आई आजारी होती, म्हणजे कारणही खरं होतं. पण मुख्याध्यापकांना समोर सांगायचा धीर होईना. शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीत बसलो आणि सोमवारी चार ओळींचं पत्र पोस्टात टाकलं.

वर्षभरानं ते मुख्याध्यापक बाजारात भेटले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, दहावीची मुलं तुमच्या तासाला पुस्तकं उघडून बसायची. तुम्ही आजारी असाल असं समजून दोघं जण डबा घेऊन तुमच्या खोलीवर गेली. कुलूप बघून परत आली." मला उत्तर सुचलं नाही.

आता 'राजीनामा' हा शब्दच पाहा. तो फारसीतून आला आहे. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. जुन्या मुंबई इलाख्यात खातेदार जमीन सोडताना राजीनामा लिहून देई आणि ती नव्यानं घेणारा कबुलायत लिहून देई. एकाच्या हातून सुटलेलं शेत दुसऱ्याच्या हाती पडावं, मध्ये पडीक राहू नये, ही सोय त्यात होती. नोकरीचंही असंच आहे. आपल्याला जायचं असतं. काम मात्र तिथंच राहतं.

तेव्हा पहिली गोष्ट, आपल्या वरिष्ठांना स्वतः भेटून सांगा, आणि तेही शिक्षकांच्या खोलीत बातमी फुटण्यापूर्वी. "सर, आपण मला संधी दिलीत, पण घरच्या अडचणीमुळं मला राहता येत नाही," एवढं पुरे. खोटं कारण सांगू नये. ते बाजाराच्या दिवशी उघडं पडतं.

दुसरी गोष्ट पत्राची. त्यात तीनच गोष्टी असाव्यात : आपण पद सोडत आहोत, अमुक तारखेला सोडणार, आणि मिळालेल्या सहकार्याबद्दल आभार. तक्रारी त्यात घालू नयेत. पगार थकला असेल, तर त्याचा अर्ज वेगळा करावा.

तिसरी गोष्ट मुदतीची. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांसाठी 1977 चा सेवाशर्तींचा कायदा आणि 1981 ची नियमावली आहे. कायम शिक्षकानं 3 महिन्यांची, कायम नसलेल्यानं 1 महिन्याची नोटीस द्यायची असते. संस्थेनं मान्य केलं, तर तेवढा पगार भरून लवकर जाता येतं. सुट्टीत, किंवा सुट्टीचा काळ मुदतीत धरून, नोटीस देता येत नाही. राजीनामा दोन प्रतींत लिहून दोन्हींवर सही व तारीख घालावी. एक प्रत संस्थेला नोंदणी केलेल्या टपालानं पाठवावी, दुसरी आपल्याजवळ ठेवावी. हे शिक्षकाच्याच हिताचं आहे. नेमणुकीच्या दिवशी कुणी बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही मागितली, तर ती देऊ नये. कारखान्यात किंवा कचेरीत असाल, तर नेमणूकपत्रात लिहिलेली मुदत पाहावी.

चौथी गोष्ट काम सोपवण्याची. कोणता धडा कुठवर झाला, कोणता मुलगा मागं आहे, कोणत्या वह्या तपासायच्या राहिल्या, हे एका कागदावर लिहून द्या. ग्रंथालयाची पुस्तकं परत करा. नवा माणूस आला, की त्याला नांगर कुठं थांबला ते कळलं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, एवढं करूनही लोक नावं ठेवतात. ठेवतील. दोन महिन्यांत जाणाऱ्या माणसामुळं संस्थेची अडचण होतेच. ती ऐकून घ्यावी आणि मुदत संपेपर्यंत नेहमीसारखे तास घ्यावेत.

आणि शेवटची गोष्ट मुलांची. त्यांना आपल्या तोंडून सांगा. मुलं रुसतील, एखादं रडेलही, पण दुसऱ्या दिवशी ती आपली वाट पाहत बसणार नाहीत. पुढं मी कॉलेज बदललं, तेव्हा महिनाभर आधी वर्गात सांगितलं. जड गेलं, पण तिथल्या रस्त्यानं आजही मान वर करून जाता येतं. पहिल्या गावात मात्र मी अजून गेलेलो नाही. आज हे बोललो, तर आता जाईन म्हणतो.